परतीचं कारण

रजा मंजूर होती सात दिवसांची.
बॅगांना नवी कुलपं होती.
शकूवन्संनी वहीत माल्टा उतरवून घेतलं होतं :
कुठल्या चर्चला किती पायऱ्या,
कुठल्या धक्क्यावरून किती वाजता बोट,
सूर्य कुठल्या भिंतीमागे बुडतो, तेसुद्धा.

मग पाकिटं आली.
माझ्या पासपोर्टात बेट चिकटवलेलं.
त्यांच्यासोबत नुसता कागद,
एका चौकटीत खूण :
अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही.

नवरा नाही, मूल नाही, नावावर घर नाही,
ड्रॉइंगच्या बाईंची पेन्शन तेवढी.
मी मिरजेच्या पोस्टात एकतीस वर्षं
‘प्रेषकाकडे परत’चा शिक्का मारते आहे.
माणसावर मारलेला पहिल्यांदा पाहिला.

वन्सं म्हणाल्या, बेटच हवं ना? चल मग.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट.
माणसाला तिकीट नाही.
दोन स्कूटर, बर्फाची पेटी, आम्ही,
आणि पिशवीतून मान बाहेर काढून
नदी बघणारी एक कोंबडी.
चार-पाच मिनिटांत मांडवी संपली.
‘दिवाडी,’ फेरीवाला म्हणाला,
जणू आम्हीच विचारलं होतं.

पहिले दोन दिवस आम्ही माल्टाच बघितलं.
वही हातात. पिएदादच्या टेकडीवर
वन्संनी पायऱ्या मोजल्या, चुना तपासला,
म्हणाल्या, तिथं दगड पिवळा आहे.
पलीकडे जाऊन संतांचे देह, सोन्याच्या वेदी,
एक पडका मनोरा, दोन संग्रहालयं,
पायाला फोड.
संध्याकाळी शेवटची बोट चुकेल म्हणून धावलो
तेव्हा कळलं, घाई करायला बोट पुष्कळ होत्या.

बुधवारी वही बॅगेतच राहिली.
सकाळी पोदेराचा भोंपू, गरम पोई.
घरमालकीण एर्मेलिंदाबाई अंगणात कोकमं वाळवत होत्या.
त्यांचे दोन्ही मुलगे स्विंडनला.
नाताळाला येतो म्हणतात.
कुठल्या नाताळाला, ते नाही म्हणत.
‘अहो, आमच्या बेटावरचा देवसुद्धा
नदी ओलांडून नार्व्याला गेला,
तो काय परत आला?’
आणि हसल्या, सालं पालथी घातली.

त्यानंतर आम्ही फक्त मानस बघायला गेलो.
रोज.
खाजणाच्या बांधात बसवलेली ती लाकडी दारं :
ओहोटीला शेतातलं पाणी लोटून आपसूक उघडतात,
भरतीला नदीच दाबून मिटवते.
चौकट नाही, खूण नाही.
वन्सं दगडावर बसून चित्र काढत.
दार जमलं. पाणी जमेना.
तीन कागद खंड्यावर गेले,
तोही कधी पूर्ण बसला नाही.

दिवसातून कितीदा तरी
बेटावरून रेल्वे जाते, पुलावरून पुलावर.
तिला इथं स्टेशन नाही.
खिडक्यांतले लोक आमच्याकडे बघतात
आणि आम्ही बेटावरचे असल्यासारख्या हात हलवतो.

शुक्रवार आठवत नाही.
माशाची आमटी होती, एवढं आठवतं.

शेवटच्या सकाळी बॅगा धक्क्यावर.
एक बोट आली, गेली.
वन्सं उठल्या नाहीत.
दुसरी आली. त्यात तीच, किंवा तिच्यासारखी,
कोंबडी परत आली.

‘तुझं तर चिकटलंय,’ वन्सं म्हणाल्या,
‘मार्चपर्यंत चालेल. जाऊन ये.
पायऱ्या मोज माझ्यासाठी.’

मी म्हटलं, एकटी गेले
तर मग माझीही खात्री नाही.

त्या काही बोलल्या नाहीत.
वहीचं मागचं पान फाडून
त्यांनी त्याची होडी केली, ड्रॉइंगच्या बाई करतात तशी,
कडा नखानं नीट दाबून.
मग ती पाण्यात न सोडता
पर्समध्ये ठेवली, पासपोर्टाशेजारी,
आणि म्हणाल्या,
उचल बॅग. तिसरी आली बघ.